सिनेमातली थोरली

ताई : आधी बेल्ट लाव. मग काय बोलायचं ते बोल.

धाकटी : मी काहीच बोलत नाहीये.

ताई : तेच म्हणते मी. मध्यंतरापासून तोंड उघडलेलं नाहीस. आरसा नीट कर. मागचं दिसतंय का?

धाकटी : ताई, आज तू चालव ना गाडी. माझं लक्ष नाहीये.

ताई : म्हणूनच तुझ्या हातात दिली. माझ्या बाजूलाही ब्रेक आहे, कुणाला ठोकू देत नाही तुला. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे ही, हिला रडक्या बायकांची सवय आहे. क्लच दाब. पहिला गिअर. सावकाश सोड... सावकाश म्हटलं ना!

धाकटी : इतका वाईट होता का गं?

ताई : क्लच?

धाकटी : सिनेमा!

ताई : थिएटरच्या फाटकातून बाहेर पड, सांगते. तो स्कूटरवाला जाऊ दे आधी. हां, आता डावीकडे. सिनेमाचं म्हणशील तर डोंगर पोखरून उंदीर काढलाय. आणि तो उंदीरसुद्धा मध्यंतराच्या आधीच दाखवून टाकला.

धाकटी : हो ना! अगं, माळ्यावर कुणी आहे की नाही हे माझ्या कादंबरीत शेवटपर्यंत कळत नाही. अख्खं पुस्तक मी ते झाकून ठेवलंय. त्या बाईला पावलं ऐकू येतात, खोकला ऐकू येतो, आणि वाचणारा आपला मधल्यामध्ये लटकलेला. असेल का, नसेल का. ह्यांनी काय केलं? शिडी लावली, कॅमेरा वर नेला आणि मिशीवाला माणूस!

ताई : मिशी एका बाजूनं सुटत होती.

धाकटी : आणि तो माळा बघितलास? आपल्या स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर रांगत जावं लागतं. त्यांच्या माळ्यावर एखादं लग्न लागलं असतं.

ताई : शिवाय दर वेळी ढॅण ढॅण ढॅण. तिनं कपाट उघडलं, ढॅण. तिनं नळ सोडला, ढॅण. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस तर मध्यंतरानंतर कानात बोटं घालूनच झोपला.

धाकटी : ती नटी मात्र चांगली होती.

ताई : नटी चांगली होती. ती दोन कप चहा ओतते आणि मग कुणी बघत नाही असं बघून एक कप परत भांड्यात ओतते ना, तिथं मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. आई अगदी तसंच करायची.

धाकटी : ते कादंबरीतलं आहे. तेवढं एकच त्यांनी जसंच्या तसं ठेवलं.

ताई : मग बाकीचा ध चा मा का केला? दुसरा गिअर टाक, इंजिन ओरडतंय. आणि वळणं तरी किती! इंडिकेटर न देताच वळतो तो सिनेमा. आधी वाटतं डॉक्टर वाईट. मग वाटतं शेजारी वाईट. आणि शेवटी कळतं की...

धाकटी : ताई, फोन वाजतोय माझा. बघ ना कोण आहे.

ताई : 'दिग्दर्शक' असं लिहिलंय.

धाकटी : नको, राहू दे, उचलू नकोस. त्याला दोन ओळी हव्यात जाहिरातीसाठी. 'मूळ लेखिकेला चित्रपट अतिशय आवडला', तशा छापाच्या. सकाळपासून मागे लागलाय.

ताई : मग देणार आहेस?

धाकटी : काय देऊ? करारात मीच सही करून बसलेय, कथानकात हवे ते बदल करायला माझी हरकत नाही म्हणून. हात दाखवून अवलक्षण.

ताई : बंद केला बघ फोन. आता समोर बघ. एक विचारू?

धाकटी : विचार.

ताई : ती थोरली बहीण कुणाच्या डोक्यातून आली?

धाकटी : माझ्या नाही! शपथ. त्यांचं म्हणणं, पडद्यावर खलनायक लागतो. बाईचं मन आजारी पडलंय, एवढ्यानं भागत नाही म्हणे, कुणीतरी ते पाडायला हवं. म्हणून त्यांनी मुलीला एक थोरली बहीण दिली. तिला घर हवंय, म्हणून ती त्या मिशीवाल्याला पैसे देऊन माळ्यावर बसवते. मी त्यांना भलंमोठं पत्र लिहिलं होतं, असं करू नका म्हणून.

ताई : गोळ्या बदलते ती. आईच्या गोळ्या काढून दुसऱ्या ठेवते डबीत.

धाकटी : माहीत आहे.

ताई : सकाळी पांढरी, रात्री अर्धी पिवळी. इतकी वर्षं मी देतेय आपल्या आईला. परगावी गेले तर फोन करून विचारते, घेतलीस का. आणि रविवारी आपल्या बिल्डिंगमधल्या झाडून साऱ्या बायका ओळीनं बसून हे बघणार. तिकिटं काढलीत त्यांनी. 'आपल्या बिल्डिंगच्या मुलीची गोष्ट.' आई पण जाणार आहे त्यांच्याबरोबर. त्यांना सगळं ठाऊक आहे ना गं, आईचं काय झालं होतं, दवाखान्यात कुणी नेलं, घरी कोण होतं. आता त्या पडद्याकडे बघणार आणि मग माझ्याकडे बघणार.

धाकटी : मी सांगीन सगळ्यांना. हवं तर लिहून देईन की सिनेमातल्या त्या बाईचा तुझ्याशी काही संबंध नाही.

ताई : तसं लिहिलंस की उरलेल्यांनाही शंका येईल. राहू दे. आणि खरं सांगू? मी सिनेमातल्या थोरलीबद्दल विचारतच नाहीये. मी पुस्तकातल्या थोरलीबद्दल विचारतेय.

धाकटी : पुस्तकात थोरली नाहीये.

ताई : तेच.

धाकटी : ताई... अगं! ब्रेक का मारलास?

ताई : मांजर होतं.

धाकटी : मांजर नव्हतं.

ताई : मग डावीकडे घे गाडी. त्या बंद दुकानासमोर. हँडब्रेक ओढ. आता मला सांग, बाबा गेले, आणि आई म्हणायला लागली माळ्यावर कुणीतरी राहतं. शिडी लावून वर कोण चढायचं?

धाकटी : तू.

ताई : टॉर्च कुणाच्या हातात?

धाकटी : तुझ्या.

ताई : वरून तोंड काढून 'गेला गं आई, घालवलं मी त्याला' असं रोज कोण सांगायचं?

धाकटी : तूच.

ताई : आणि पुस्तकात?

धाकटी : ती मुलगी.

ताई : ती एकुलती एक मुलगी. दोन वेण्या घालणारी आणि कविता करणारी. छोटे, मी जन्मात कविता केलेली नाही.

धाकटी : तू मला हे तेव्हाच का नाही म्हणालीस? पुस्तक येऊन किती दिवस झाले.

ताई : काय म्हणायचं? मलाही आत घ्या? बस आहे का ती? दोन दिवस सुट्टी काढून वाचलं मी तुझं पुस्तक. मला कुठे सवय आहे वाचायची, ओळीवर बोट ठेवून वाचलं. आपलंच घर, आपलीच आई, मोरीचा तो फुटका कोपरासुद्धा आपलाच. मला वाटत होतं, आता मी येईन. कामावर गेली असेल थोरली, संध्याकाळी येईल. पुढच्या प्रकरणात येईल. शेवटचं पान आलं. मी आलेच नाही. आणि आज आले ती अशी, खोट्या गोळ्या घेऊन.

धाकटी : थांब, रुमाल काढते.

ताई : पाणी पी. बाटली दाराच्या खणात आहे.

धाकटी : मी कुठे होते तेव्हा, ताई?

ताई : कधी?

धाकटी : तू शिडीवर होतीस तेव्हा.

ताई : आत्याकडे. शाळेसाठी.

धाकटी : शाळा इथं नव्हती? बाबांना जाऊन महिना झाला नव्हता. मी एक दिवस घरी आले तर माझी बॅग भरलेली. तूच भरली होतीस. माझा निळा स्वेटर वर ठेवला होतास, मला अजून आठवतं. मला कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. आत्याकडे फोन यायचा, 'आई बरी आहे, तू अभ्यास कर.' सुट्टीत यायचे तर तुम्ही दोघी एकमेकींकडे बघून गप्प व्हायचात. तुमच्या दोघींचं एक घर झालं होतं आणि मी पाहुणी. मला सोबत नको होती का बाबांनंतर? मीही त्यांचीच मुलगी होते ना?

ताई : अगं...

धाकटी : म्हणून मी एक घर लिहिलं, ज्यात मी होते. मला बाहेर पाठवलं नव्हतं, असं घर. टॉर्च माझ्या हातात दिली मी. तुला त्यात आणलं असतं ना, तर मला परत बॅग घेऊन आत्याकडे जावं लागलं असतं. दोघींना जागाच नव्हती तिथं. तुम्हीच तसं ठरवलं होतंत.

ताई : मी नाही ठरवलं. छोटे, इकडे बघ. मी नाही ठरवलं. आई म्हणाली हिची बॅग भर, मी भरली. एकोणीस वर्षांची होते मी, मला काय कळत होतं. मला वाटलं आत्याला वाटलं असेल, तुझं दहावीचं वर्ष जवळ आलंय. मला तर तुझा हेवा वाटायचा. म्हणायचे, बरंय बाई, तिकडे तिला शांत झोप तरी लागते.

धाकटी : नव्हती लागत.

ताई : मला काय माहीत?

धाकटी : आणि तू पुस्तकात स्वतःला शोधत होतीस, हे मला कसं माहीत असणार?

ताई : हे बघ, आता दोघीही रडलो तर काचेवर वाफ धरेल. पूस डोळे. गाडी काढ. आधी आरसा, मग इंडिकेटर.

धाकटी : आईला काय सांगायचं? ती दारातच उभी असेल.

ताई : सिनेमा पाहण्यासारखा नाही म्हणायचं. रविवारी जाऊ द्यायचं नाही. आवाज खराब होता म्हणू.

धाकटी : तिला खोटं सांगतेस? बसस्टँडच्या चौकशीच्या खिडकीत जन्म गेला तिचा. काचेपलीकडचा माणूस तोंड उघडायच्या आत ओळखायची ती.

ताई : मग तू बोल. लेखिका तू आहेस.

(घर. स्वयंपाकघरात आई ताटं मांडते आहे.)

आई : आलात? हात धुवा. कसा होता?

ताई : आवाज फार होता, आई.

धाकटी : खुर्च्या चांगल्या होत्या.

आई : म्हणजे पडला.

धाकटी : तसं नाही...

आई : अगं, कुणी खुर्च्यांची स्तुती करतं का सिनेमाच्या? आणि डोळे का लाल दोघींचे? सिनेमा वाईट होता म्हणून कुणी रडत नाही. भांडलात?

ताई : नाही गं. धाकटीनं गाडी चालवली. भीतीनं पाणी आलं माझ्या डोळ्यांत.

आई : बरं. खोटं बोलायचंच असेल तर जेवताना बोला. बसा. काय गोष्ट आहे?

धाकटी : गोष्ट तुला माहीत आहे. पुस्तक वाचलंस ना तू.

आई : पुस्तक वाचलंय. सिनेमात काय केलंय ते विचारतेय. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईच्या मुलानं पाहिला म्हणे काल. ती मला जिन्यात सांगायला लागली आणि मध्येच गप्प झाली. तेव्हाच म्हटलं, काहीतरी घोळ आहे. माळ्यावरचा माणूस दाखवलाय का?

ताई : दाखवलाय.

आई : खरा?

धाकटी : खराखुरा. हाडामासाचा.

आई : कसा दिसतो?

धाकटी : उंच आहे. काळा कोट. मोठ्या मिशा.

आई : छे! तो ठेंगणा होता.

ताई : कोण ठेंगणा?

धाकटी : आई?

आई : अशा बघू नका माझ्याकडे. पांढरी घेतलीय मी सकाळी, हिला विचार. आता नाही तो. कुणीच नव्हतं तिथं, तेही मला कळतं. पण तेव्हा होता ना, आणि तेव्हा तो ठेंगणा होता. एवढ्याशा माळ्यावर उंच माणूस मावेल कसा? दिग्दर्शकाला एवढीही अक्कल नाही?

धाकटी : तू हे कधी सांगितलं नाहीस. ठेंगणा वगैरे.

आई : विचारलं कुणी? डॉक्टर विचारायचे, आवाज येतात का? येतात. किती वेळा येतात? पुष्कळदा येतात. झालं. गोळी लिहून दिली. तो काय बोलतो, हे कुणी विचारलंच नाही. मी खिडकीत बसले असते तर पहिला प्रश्न तोच विचारला असता.

ताई : काय बोलायचा तो?

आई : भात घे आधी.

ताई : आई.

आई : हिचं नाव घ्यायचा.

धाकटी : माझं?

आई : तुझं. घरातलं, लाडाचं. बाबा हाक मारायचे तसंच, लांबवून. तू शाळेतून आलीस, दप्तर टाकलंस, की ह्याचं सुरू. 'आली का? वर पाठव तिला. दोन मिनिटं वर पाठव.' मी मुद्दाम भांडी वाजवायची, तुला ऐकू जाऊ नये म्हणून. तू विचारायचीस, आई, तू आजकाल एवढी आदळआपट का करतेस? आठवतं?

धाकटी : मला वाटायचं, मला बघून चिडतेस.

आई : मग एक दिवस तू खेळता खेळता शिडीवर बसलीस. अगदी खालच्या पायरीवर, गोष्टीचं पुस्तक घेऊन. आणि हा वरून हसला. त्याच दिवशी मी शेजारून आत्याला फोन केला. म्हटलं, माझ्या मुलीला घेऊन जा, काही विचारू नका. त्यांनी खरंच काही विचारलं नाही हो. देव माणूस.

धाकटी : मला वाटलं... इतकी वर्षं मला वाटत होतं, तुला मी जड झाले होते.

आई : जड? स्टँडवर तुला बसमध्ये बसवलं, तू खिडकीतून हात हलवत होतीस. मी हात हलवला नाही, म्हणून तुला राग आला होता ना? पत्रात लिहिलं होतंस तसं. अगं, मी वर बघत होते. तो टपावर चढून बसला नाही ना, ते बघत होते. बस वळेपर्यंत बघत होते. आणि तो नव्हता बसला. घरी आले तेव्हा तो माळ्यावरच होता आणि संतापला होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

ताई : पाणी घे, छोटे.

धाकटी : मी ठीक आहे.

आई : रडू दे तिला. ठसका लागेल एवढंच बघ.

ताई : आणि मी गं?

आई : तू काय?

ताई : मला का नाही पाठवलंस? मीही शिडीवर चढायचे. रोज चढायचे. माझी भीती नाही वाटली तुला?

आई : तुझी कशाला वाटेल? तुला तो भ्यायचा.

ताई : मला?

आई : तर! तू शिडी भिंतीला टेकवलीस की त्याचा आवाज बंद. तू टॉर्च घेऊन वर आलीस की मागे मागे सरकत पार ट्रंकेच्या आड. मग तू खाली तोंड काढून म्हणायचीस, 'गेला गं आई.' आणि खरंच जायचा. सकाळपर्यंत तरी जायचा. तुला बाहेर पाठवून मी काय केलं असतं? तू होतीस म्हणून तर त्या घरात राहता आलं मला.

ताई : मला डॉक्टर रागावले होते. म्हणाले, त्यांच्या होला हो करू नका, तिथं कुणी नाही हेच सांगत जा. मी दोन दिवस तसं केलं. तू जेवलीच नाहीस. मग मी परत शिडी काढली. आजवर मला वाटत आलंय, मी तुझ्याशी खोटं बोलत राहिले. माझ्यामुळेच लांबलं तुझं दुखणं.

आई : डॉक्टरांना बोलायला काय जातं? त्यांच्या माळ्यावर नव्हता तो.

धाकटी : आई, हे सगळं पुस्तक वाचल्यावर तरी सांगायचंस मला.

आई : तुझं पुस्तक चांगलंय. मला आवडलं. फक्त त्यातली बाई फार एकटी आहे. मी म्हटलं, असेल, ही दुसरी कुणीतरी बाई असेल, गोष्टीतली. मी कुठे एकटी होते?

धाकटी : ताईनंही आज तेच विचारलं. तिला का नाही घेतलं म्हणून.

आई : मग? काय सांगितलंस?

धाकटी : सांगितलं काहीतरी. तेव्हा खरं वाटत होतं. आता पुन्हा लिहायला बसले तर दुसरंच पुस्तक होईल. ताई, तुला घेऊन लिहू?

ताई : नको गं बाई. एकदा सिनेमात आले तेवढं पुरे. मला पुस्तकात नको घेऊस, फोन करत जा. सणासुदीला नाही, असाच. मध्येच. 'काय करतेस' म्हणून.

धाकटी : करीन.

ताई : आणि मी 'पोरं शिकवतेय, नंतर बोलू' म्हणाले तर रुसू नकोस. नंतर पुन्हा कर.

आई : सिनेमात आले म्हणजे काय? ही सिनेमात आहे?

ताई : घ्या. सांग आता.

धाकटी : आई, सिनेमात त्यांनी एक थोरली बहीण घातलीय. वाईट दाखवलीय. घरासाठी आईला वेड लावते. तिच्या गोळ्या बदलते.

आई : कोण, ही?

ताई : हो. मी.

आई : माझी अर्धी पिवळी आणायची राहिली होती एकदा, तर ही शिकाऊ मुलीला गाडीत तशीच बसवून अर्ध्या रस्त्यातून परत आली होती. ती मुलगी बिचारी मागच्या सीटवर हातात गोळी घेऊन. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

ताई : म्हणून म्हणते, रविवारी जाऊ नकोस तू. बायका काय काय बोलतील.

आई : म्हणून तर जायलाच हवं. मी मधल्या खुर्चीवर बसणार. ती थोरली पडद्यावर आली की मोठ्यानं सांगणार, ही आमची नव्हे. खिडकीत माइकवर बोलायची सवय आहे मला, शेवटच्या रांगेपर्यंत जातो माझा आवाज.

धाकटी : मग मीही येते. रविवारपर्यंत राहते इथंच. ऑफिसला कळवते.

ताई : पुन्हा बघणार आहेस तो सिनेमा? पैसे देऊन?

धाकटी : सिनेमा नाही बघणार. आईकडे बघणार.

आई : फोन वाजतोय कुणाचातरी.

धाकटी : माझाच. दिग्दर्शक. त्याला दोन ओळी हव्यात, सिनेमा आवडला अशा. नाही देणार मी. उद्या सांगते त्याला सरळ.

आई : उद्या कशाला? दे इकडे. काय सांगायचं ते मी सांगते.

धाकटी : आई, नको!

आई : हॅलो? ...लेखिका जेवतेय. तिची आई बोलतेय. ...हो, पाहिला तिनं. ...नाही, दोन ओळी नाही, एकच आहे, लिहून घ्या. तो माणूस ठेंगणा होता. ...ठें-ग-णा. बरं, ठेवते.

ताई : आई, कमाल करतेस!

धाकटी : काय म्हणाला तो?

आई : म्हणाला, 'अं?' पुढचं ऐकलं नाही मी. आता मला शेवट सांगा. त्या थोरलीचं शेवटी काय होतं?

ताई : पकडतात तिला. दुसरं काय होणार.

आई : शिक्षा?

धाकटी : जन्मठेप.

आई : जन्मठेप.

धाकटी : काय झालं, आई?

आई : काही नाही. म्हटलं, सगळं खोटं दाखवलं, तेवढं एक नेमकं खरं दाखवलं.

ताई : आई, काहीतरीच काय बोलतेस!

आई : काहीतरीच कसं? मला काय दिसत नव्हतं? कॉलेज सोडलंस. चष्म्याच्या दुकानातला तो मुलगा किती दिवस येत होता, आईचा नंबर तपासायचाय म्हणून. माझा नंबर कधी बदललाच नव्हता. चांगला होता गं तो. मी नसते तर तू आज त्याच्या घरी असतीस. खोटं आहे का?

ताई : खोटं नाही.

आई : मग?

ताई : मग काही नाही. तो म्हणाला होता, आईला आपण घेऊन जाऊ आपल्याकडे. मोठं घर होतं त्याचं, माळाबिळा काही नव्हता. सुटका होत होती माझी. मीच अर्ज केला नाही.

आई : का?

ताई : मला हेच घर आवडतं. भात वाढ थोडा.